सावकाश सिग्नलला टर्मिनेशन नको?

साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2013 साली सुरू झाला. अशा प्रकल्पांत इन्व्हर्टरांची माहिती सर्रास आरएस-485 च्या तारेवरून नियंत्रण कक्षात येते. त्या तारेबद्दल, आणि सर्किट बोर्डाबद्दलही, एक मत घट्ट रुजलं आहे: फ्रिक्वेन्सी कमी असेल तर टर्मिनेशन, म्हणजे परावर्तित लाट शोषणारा रेझिस्टर, लागत नाही. हे मत चुकीचं आहे, आणि कधीकधी खरं ठरत असल्यामुळे जास्त घातक आहे.

आधी त्याची बाजू. 9600 बॉडला एका बिटाला 104 मायक्रोसेकंद मिळतात. तीनशे मीटर तारेवर सिग्नल जाऊन परत यायला साधारण 3 मायक्रोसेकंद लागतात. रिसीव्हर बिटाच्या मध्यावर वाचतो, तोवर परतलेल्या लाटा विरून गेलेल्या असतात. टोकाला 120 ओहमचा रेझिस्टर नसला तरी डेटा बिनचूक येतो. मान्य. पण कमी बॉडमुळे परावर्तन टळलं नाही. ते झालंच, फक्त रिसीव्हरने त्या वेळी पाहिलं नाही.

बोर्डावरच्या क्लॉकच्या ट्रेसला ही सवलत नाही, कारण तिथे सिग्नलची कडच वाचली जाते. 3.3 व्होल्टचा, 10 ओहम आउटपुट असलेला ड्रायव्हर 50 ओहमच्या ट्रेसवर कड सोडतो. ट्रेसवर 2.75 व्होल्टची लाट निघते, जवळजवळ उघड्या टोकाला दुप्पट होऊन 5.5 व्होल्ट होते, परत येते, ड्रायव्हरपाशी उलटते. पुढच्या फेरीत रिसीव्हरच्या पायावर आदर्श गणिताने 1.83 व्होल्ट उरतात. तर्क 1 मानायला एलव्हीटीटीएल इनपुटला किमान 2 व्होल्ट लागतात. त्याखालच्या संदिग्ध पट्ट्यात घसरून सिग्नल पुन्हा वर चढला, तर एकच कड दोनदा मोजली जाऊ शकते. क्लॉक सेकंदाला एकदाच धडकला तरी हे घडतं. या हिशेबात फ्रिक्वेन्सी कुठेच येत नाही. येतो तो राइज टाइम आणि ट्रेसची लांबी.

ऑलिव्हर हेविसाइडने 1880 च्या दशकात टेलिग्राफच्या तारांसाठी मांडलेला विचार बोर्डालाही तसाच लागू पडतो. नेहमीच्या फायबरग्लास बोर्डावर सिग्नल नॅनोसेकंदाला सुमारे 15 सेंटिमीटर जातो. जुन्या 4000 मालिकेच्या सीमॉस चिपची कड 5 व्होल्टला 100 नॅनोसेकंदांच्या घरात असायची. तिच्यासाठी साडेसात मीटरचा ट्रेस झाला असता तेव्हा जाऊन-येऊनचा वेळ कडेइतका भरला असता. म्हणून ते मत त्या पिढीला खरं वाटलं, आणि खरं होतंही. आज एका नॅनोसेकंदाच्या कडेला तेवढ्यासाठी साडेसात सेंटिमीटर पुरतात. क्लॉक तोच, बोर्ड तोच, फक्त चिपची नवी खेप आली की चालू यंत्र अडखळतं.

उपाय स्वस्त आहे. ड्रायव्हरच्या पायाजवळच 39 ओहमचा रेझिस्टर मालिकेत घाला. मग अर्धी लाट निघते, टोकाला दुप्पट होऊन पूर्ण 3.3 व्होल्ट होते, आणि परतताना ड्रायव्हरपाशी शोषली जाते. ट्रेसच्या मधल्या रिसीव्हरला मात्र काही काळ अर्धाच व्होल्टेज दिसतो, म्हणून तिथे हा मार्ग नको.

उलट टोकाची चूकही होते. आरएस-485 वर प्रत्येक उपकरणात 120 ओहम चालू ठेवतात. 32 उपकरणांचे मिळून 3.75 ओहम होतात, आणि ड्रायव्हरची क्षमता जोखली जाते 54 ओहमच्या भारावर. रेझिस्टर तारेच्या दोन टोकांनाच हवेत.