'स्वमग्न' या शब्दाची कुळकथा

कळमन्याच्या बाजारात लिलावाची बोली चढू लागली, की गलक्याने आमच्यासारख्यांचेही डोके उठते. अशा वेळी एखादे पोर दोन्ही कान दाबून किंचाळू लागले, तर भोवतालची मंडळी चटकन निकाल देतात: 'वेडसर दिसते', नाही तर 'आईनेच बिघडवले'. पोराच्या कानांवर तो आवाज खरोखरच असह्य होऊन आदळत असेल, हे कोणाच्या मनात येत नाही. पण अडाण्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. हे दोन्ही निकाल विद्वानांच्याही हातून सुटलेले आहेत.

'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोवैद्य ब्लॉयलर यांनी १९११ साली आपल्या ग्रंथात वापरला, तो स्किझोफ्रेनिया या मनोविकाराचे एक लक्षण म्हणून. पुढे १९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा हाच शब्द उसना घेतला. उसन्या भांड्याला मागच्या कालवणाचा वास राहतोच! मुलांची जन्मजात ठेवण अशा रीतीने वेडाच्या पंगतीत जाऊन बसली. आमचा 'स्वमग्न' हा शब्दही तसाच फसवा. यांतील कितीतरी मुलांना सोबत हवी असते, ती मागण्याची रीत मात्र साधत नाही.

कॅनर यांनी हा दोष उपजत असल्याचे लिहिले होते. तथापि त्याच लेखात आईबापांत जिव्हाळा कमी दिसतो असाही शेरा होता, आणि जगाने उचलला तो शेराच. १९६७ साली ब्रूनो बेटलहाइम यांनी त्यावर अख्खा ग्रंथ रचला. कितीएक मातांनी हा कलंक निमूट सोसला असेल! वास्तविक १९६४ सालीच बर्नार्ड रिमलँड यांनी, जे स्वतः अशा मुलाचे वडील होते, याचे खंडन केले होते. १९७७ साली फोलस्टाइन व रटर यांनी जुळ्यांच्या एकवीस जोड्या तपासल्या. हुबेहूब जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चारांत दोन्ही मुले स्वमग्न निघाली. साध्या जुळ्यांच्या दहांपैकी एकीतही नाही. आईच्या मायेवर हे अवलंबून असते, तर असा फरक पडता ना.

लसीवरचा आळ १९९८ सालचा. ज्या नियतकालिकाने तो छापला, त्यानेच २०१० साली लेख मागे घेतला.

आपल्याकडे अपंगांविषयीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते. त्यांत स्वमग्नता नव्हती. दाखला हवा, तर मतिमंद किंवा मनोरुग्ण म्हणवून घ्यावे लागे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तिचे नाव आले, आणि २०१६ च्या कायद्याने तिला दिव्यांगत्वाच्या यादीत स्वतंत्र जागा दिली.