सरासरीने लादलेले कर्ज : ऑस्ट्रेलियातील ‘रोबोडेट’

१/ २०१६ च्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियातील हजारो नागरिकांच्या हाती सरकारी पत्रे पडू लागली. उत्पन्नातील तफावत स्पष्ट करा, अन्यथा पूर्वी घेतलेला जादा भत्ता परत करा, असा त्यांचा आशय होता. हा हिशेब संगणक प्रणालीने मांडला होता. लोकांनी तिला ‘रोबोडेट’ म्हटले.

२/ बेकारांचा वा विद्यार्थ्यांचा भत्ता दर पंधरवड्याच्या उत्पन्नावर ठरत असे. करखात्याकडे मात्र संपूर्ण वर्षाचा आकडा असे. प्रणाली त्याला २६ पंधरवड्यांनी भागून सरासरी काढी.

३/ समजा, एखाद्याने १३ पंधरवडे काम करून प्रत्येकी २,००० डॉलर मिळवले आणि उरलेले १३ पंधरवडे बेकारीत काढून भत्ता घेतला. सरासरी आली १,०००. म्हणजे बेकारीच्या काळातही तो कमावत होता आणि त्याने ते लपवले, असा निष्कर्ष! भागाकार अचूक, निष्कर्ष खोटा.

४/ पूर्वी अशी तफावत दिसल्यास कर्मचारी स्वतः चौकशी करत. वर्षाला सुमारे २०,००० प्रकरणे होत. आता तितकीच एका आठवड्यात होऊ लागली. कित्येक वर्षांपूर्वीच्या पगारपावत्या शोधून निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार नागरिकांवर आला.

५/ मार्च २०१७ मध्ये अपील न्यायाधिकरणाचे सदस्य टेरी कार्नी यांनी निर्णय दिला : कर्ज सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारचीच; केवळ सरासरी हा पुरावा नव्हे. सरकारने या निर्णयाला आव्हान दिले नाही. त्या स्तरावरील निर्णय प्रसिद्ध होत नसल्याने तो जनतेपर्यंत पोहोचला नाही आणि वसुली चालूच राहिली. त्याच वर्षी कार्नी यांची मुदत संपली; ती वाढवली गेली नाही.

६/ नोव्हेंबर २०१९ मध्ये एका महिलेच्या दाव्यात सरकारने संघीय न्यायालयापुढे चूक मान्य केली. सुमारे ४,३३,००० लोकांवर १.७ अब्ज डॉलरहून अधिक बेकायदा कर्ज लादले गेले होते. पुढे वसूल केलेल्या रकमा परत कराव्या लागल्या.

७/ २०२३ मध्ये कॅथरीन होम्स यांच्या शाही आयोगाने अहवाल दिला. आपली मुले आत्महत्येने गमावलेल्या मातांनी आयोगापुढे साक्ष दिली होती. चौकशीत उघड झाले, की कायदा बदलल्याशिवाय ही पद्धत वापरता येणार नाही, असा सल्ला सरकारच्याच विधिज्ञांनी २०१४ मध्ये दिला होता. पहिले पत्र निघण्यापूर्वीच तो दप्तरी जमा होता.