लेखनिक कोणी निवडायचा?
मुंबईत अंध मुलांची शाळा निघाली ती प्लेग आणि दुष्काळाच्या दिवसांत. १९०० साली अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी ती काढली. पुढे ती दादरला स्थिरावली आणि आजही कमला मेहता यांच्या नावाच्या या शाळेत अंध मुली शिकतात. पाठोपाठ १९०२ मध्ये ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा आली.

अशा शाळांत मुलांच्या हाती ब्रेलची पाटी आली. ब्रेल लिहायचे उजवीकडून डावीकडे. जाड कागदावर एकेक ठिपका टोचत जायचे आणि कागद उलटला की तेच ठिपके डावीकडून उजवीकडे बोटांनी वाचायचे. जोडीला वेतकाम, विणकाम, गाणे-बजावणे. मूल हुशार निघे, पण शाळेच्या फाटकाबाहेर त्याच्या वतीने बोलायला मिशनरी, विश्वस्त, नाहीतर देणगीदार. त्याला काय हवे, हे त्यालाच कोणी फारसे विचारत नसे. १९५२ मध्ये मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड स्थापन झाली आणि कामाचा पसारा देशभर वाढला. तरी ‘अंधांसाठी’ हाच सूर राहिला.

खरी पंचाईत व्हायची ती कॉलेजात. तिथे ना ब्रेल पुस्तके, ना सवयीचे शिक्षक. मैत्रिणीला वेळ असेल तेव्हा ती वाचून दाखवणार किंवा कॅसेट भरून देणार, तेव्हा अभ्यास. आणि परीक्षा जवळ आली की सांगितलेली उत्तरे लिहून देणाऱ्या, खालच्या इयत्तेतल्या लेखनिकाची शोधाशोध.

धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ मध्ये दृष्टिहीनांसाठी रिसोर्स सेंटर सुरू झाले. ते उभे करणारे डॉ. सॅम तारापोरवाला समाजशास्त्राचे प्राध्यापक, स्वतः दृष्टिहीन. हा फरक लहान नव्हे. विद्यार्थी तिथे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर शिकत होते, आणि शेजारीच हक्कांची लढाई चालू होती. अंध खातेदाराला चेकबुक किंवा एटीएम कार्ड नाकारायचे नाही, असे रिझर्व्ह बँकेने जून २००८ मध्ये बँकांना बजावले. पुस्तके वाचता येण्याजोग्या रूपात आणायला कॉपीराइटचा अडसर होता. तो २०१२ च्या दुरुस्तीने हटला. दोन्हींच्या पाठपुराव्यात हे केंद्र होते.

२०१० मध्ये एक दृष्टिहीन विद्यार्थिनी थेट मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिला फिजिओथेरपी शिकायची होती आणि दार बंद होते. गंमत अशी, की पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले ब्रिटिश सैनिक हीच विद्या शिकून इस्पितळांत नोकऱ्या करत होते! न्यायालयाच्या आदेशाने तिची वाट मोकळी झाली.

लेखनिकाच्या प्रश्नाला केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१३ मध्ये हात घातला. लेखनिक स्वतः आणायचा की परीक्षा मंडळाकडून घ्यायचा, हे विद्यार्थी ठरवणार. मराठीच्या पेपरला एक आणि इंग्रजीला दुसरा, असेही चालेल. तासाला किमान २० मिनिटे जादा. लेखनिकाच्या शिक्षणाची वा वयाची अट घालायची नाही. पण ऑगस्ट २०१८ मध्ये नियम पालटले: विद्यार्थ्याने स्वतः लेखनिक आणला, तर त्याचे शिक्षण एक पायरी कमीच हवे. कॉपीच्या धास्तीने मधल्या काळात मिळालेली मोकळीक आखडली, आणि स्वतःचा लेखनिक हवा असलेल्यांना परीक्षेआधी खालच्या इयत्तेत ओळखपाळख काढणे पुन्हा भाग पडले.