पोटातल्या चौदा सुया आणि शरीराचा संयम



आमच्या येडशीत कुणाला कुत्रं चावलं, किंवा रामलिंगला गेल्यावर माकडानं ओरबाडलं, की घरातलं म्हातारं माणूस हमखास म्हणतं, "आता पोटात चौदा सुया!" माझी आजी तर हे ऐकूनच डोळे मिटायची. आता ही लस दंडात देतात आणि चौदा वेळा तर नाहीच. तरी ती भीती निव्वळ सुईची नव्हती. त्या जुन्या लसीनं क्वचित एखाद्याचे पाय लुळे पडायचे.

माझा विषय इम्यून टॉलरन्स, म्हणजे प्रतिकारयंत्रणा आपल्याच शरीरावर का उलटत नाही, हा प्रश्न. वाचता वाचता लक्षात आलं, की या प्रश्नाचा एक मोठा धागा आजीच्या त्या चौदा सुयांमधूनच जातो. पाठ्यपुस्तकात तो चार ओळींत उरकतात. तुम्ही संशोधनाची तयारी करताय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुलै १८८५ मध्ये लुई पास्तर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस दिली. ती सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून बनवलेली होती. मुलगा वाचला. पण पुढे लस घेतलेल्या काही जणांना अर्धांगवायू होऊ लागला. हा रेबीजच आहे, की लसीत उरलेल्या विषाणूचा परिणाम, यावर वाद सुरू झाला.

१९११ साली कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी नवी पद्धत काढली. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचा आणि फिनॉलनं मारायचा. ही लस स्वस्त होती, लांबवर पाठवता यायची. मुंबईच्या हाफकिन संस्थेतही ती बनायची. आता विषाणू मेलेला होता, तरीही अर्धांगवायू थांबला नाही. प्रमाण जागोजागी वेगळं दिसलं, काही शे ते काही हजारांत एक असं. रेबीज झाला तर मरण जवळपास ठरलेलं, म्हणून डॉक्टरांनी हा धोका पत्करला. दुसरा इलाजच नव्हता.

मग दोष कशाचा? आता उरला होता फक्त मेंदू.

इथे एक अडचण होती. १९०१ च्या सुमारास पॉल एर्लिख यांनी बोकडांवर प्रयोग केले होते. दुसऱ्या बोकडाचं रक्त टोचलं की बोकड त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवायचा, स्वतःच्या रक्ताविरुद्ध मात्र नाही. शरीर स्वतःवर विष उगारायला कचरतं, असं त्यांनी मांडलं. शरीराकडे ते रोखण्याची काहीतरी सोय असणार, हा त्यांचा मुद्दा. पण पुढच्या अनेकांनी त्याचा अर्थ "असं घडूच शकत नाही" असा घेतला. मूळ पेपर स्वतः वाचा, असं गाईड का सांगतात ते इथे कळतं.

१९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचला. विषाणू अजिबात नाही. तरी काही माकडं लुळी पडली, आणि त्यांच्या मेंदूतलं मायलिन, म्हणजे मज्जातंतूंवरचं वेष्टण, झिजलेलं दिसलं. १९४९ मध्ये एल्विन काबाट यांच्या गटानं कळस केला. माकडाच्या मेंदूचा एक भाग काढून, त्याचाच अर्क अ‍ॅडज्युव्हंटमध्ये, म्हणजे प्रतिकार चेतवणाऱ्या मिश्रणात, घालून त्याच माकडाला टोचला. आजार झाला! म्हणजे परक्याचा मेंदू लागतच नव्हता.

आता खरा प्रश्न बघा. मायलिनवर हल्ला करू शकणाऱ्या पेशी आल्या कुठून? टी-पेशी थायमसमध्ये घडतात आणि स्वतःच्या शरीराला घट्ट चिकटणाऱ्या बऱ्याचशा तिथेच मारल्या जातात, हे पुढे सिद्ध झालं. पण ही चाळण पक्की नाही. १९८० च्या दशकापासून निरोगी माणसांच्या रक्तातही मायलिन ओळखणाऱ्या टी-पेशी सापडू लागल्या. तुमच्या-माझ्या अंगातही त्या असू शकतात. मग आपण लुळे का पडत नाही?

१९९४ चा हुआन लाफाय आणि सुसुमु टोनेगावा यांचा प्रयोग इथे लक्षात ठेवा. त्यांनी मायलिनमधलं एक प्रथिन ओळखणाऱ्या टी-पेशी भरपूर असलेले उंदीर तयार केले. ज्यांच्यात फक्त त्याच पेशी होत्या, ते सगळे आपोआप आजारी पडले. ज्यांच्यात सोबत थोड्या इतर लिम्फोसाइट पेशी होत्या, त्यातले बहुतेक ठणठणीत राहिले. म्हणजे कुणीतरी आवर घालत होतं. १९९५ मध्ये शिमोन साकागुची यांनी अशा आवर घालणाऱ्या टी-पेशींची ओळख पटवली, आज त्यांना रेग्युलेटरी टी-पेशी म्हणतात. २००१ मध्ये मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्या गटानं फॉक्सपी-थ्री हे जनुक शोधलं. तेच या पेशी घडवतं, हे २००३ मध्ये कळलं. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

थोडक्यात, टॉलरन्स म्हणजे घातक पेशी नसणं नव्हे. त्या असतात, आणि रोज त्यांना आवरलं जातं. मेंदूचा अर्क चौदा दिवस टोचून, सोबत धोक्याचे संकेत देऊन, क्वचित एखाद्यात आपण तो आवर मोडत होतो.

हे माणसांतही तपासलं गेलं. १९८७ मध्ये थायलंडच्या हेमाचुधा आणि सहकाऱ्यांना सेंपल लसीनंतर आजारी पडलेल्यांच्या शरीरात मायलिनमधल्या त्याच प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. भारतात मेंदूपासून बनलेल्या या लसीचं उत्पादन डिसेंबर २००४ मध्ये बंद झालं. पास्तर यांच्यापासून मोजलं तर जवळपास १२० वर्षं.

यातून दोन गोष्टी घ्या. एक, तक्त्याच्या शेवटी "दुष्परिणाम" म्हणून ढकललेली ओळ टाळू नका. तिथे लुळी पडलेली माणसं असतात, आणि कधी कधी अख्खा प्रश्न असतो. दुसरी, गावी गेलात की सांगा: आजच्या लसीत मेंदू नसतो. ती पेशींवर वाढवतात. जखम पंधरा मिनिटं साबणानं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. चौदा सुयांच्या जुन्या भीतीपायी कुणी घरी बसलं, तर आजही जीव जातो.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.