जोगलटेंभीची चांदी आणि एका नाण्यावरचे दोन राजे



दिवाळीची आवराआवर सुरू झाली की प्रत्येक घरात एक डबा निघतो. त्यात सासूबाईंच्या सासूबाईंचं एखादं तुटकं जोडवं, छिद्र पाडलेला रुपया, करंड्याचं झाकण आणि एक-दोन काळपट चकत्या, ज्या कशाच्या हे घरातलं कुणीच सांगू शकत नाही. मग कुणीतरी म्हणतं, चिंच लावून घास, चकाकेल. नाहीतर सरळ सराफाकडे द्या, मोडीत जाईल. त्या घासण्याआधी आणि मोडीत देण्याआधी आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट वाचा.

सिन्नर तालुक्यात गोदावरीकाठी जोगलटेंभी नावाचं गाव आहे. 1906 साली तिथे जमिनीतून चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. पाच-पन्नास नव्हे, तेरा हजारांहून जास्त. पुस्तकांतून 13,250 हा आकडा दिलेला असतो. एकेक नाणं जेमतेम दीड सेंटिमीटर रुंदीचं आणि वजनाला दोन-सव्वादोन ग्रॅम, म्हणजे आजच्या एक रुपयाच्या नाण्याहूनही लहान. ही नाणी वितळवली गेली नाहीत आणि अभ्यासकांच्या हाती पडली, हे आपलं मोठं भाग्य. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती बारकाईनं तपासली आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांवर निबंध लिहिला.

पण ही नाणी ओळखायची कशी? त्यातलं एखादंच सुटं तुमच्या-माझ्या हातात पडलं असतं तर काही म्हणजे काही कळलं नसतं. एका बाजूला माणसाचा चेहरा असावा असं वाटतं, पण त्याच्या गालावर तीन कमानींचा डोंगर उठलेला. डोंगरावर चंद्रकोर, खाली नागमोडी रेघ. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र असावं (हो, तेच वज्र, जे आपण धर्मनाथ भगवंतांचं लांछन म्हणून ओळखतो), पण त्यावर मध्येच एक क्रॉस आणि त्याच्या चारही टोकांना गोल. कडेची अक्षरं एकमेकांवर चढलेली. टाकसाळीतल्या माणसानं चुकून दोनदा ठोकलं की काय, असंच वाटावं.

उत्तर साठ्यातच होतं. तेरा हजारांपैकी नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर असे दुहेरी ठसे होते आणि उरलेल्या नाण्यांवर एकच ठसा, स्वच्छ. स्वच्छ नाणी शेजारी ठेवली की खालचं चित्र कुठलं आणि वरचं कुठलं हे लगेच कळतं. आपण जुन्या साडीवरची मूळ वेलबुट्टी आणि नंतर भरलेलं काम वेगळं ओळखतो ना, तसंच. शिवाय एका नाण्यावर कडेची अक्षरं कापली गेली असतील तर ती दुसऱ्यावर सापडतात. खालचा राजा निघाला क्षहरात वंशाचा क्षत्रप नहपान. त्याचं नाव तीन लिप्यांत होतं: ब्राह्मी, खरोष्ठी आणि ग्रीक. ग्रीक भाषा नव्हे हं, ग्रीक लिपीत लिहिलेली आपली प्राकृतच! वरचा ठसा होता पैठणच्या सातवाहनांचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा.

म्हणजे झालं असं की गौतमीपुत्रानं नहपानाचं राज्य घेतलं, त्याची नाणी हाती लागली, आणि ती वितळवून नवी पाडण्याऐवजी त्यानं त्यांवरच आपला ठसा मारला. चांदी तीच, मालक नवा. ज्या कुणी ती जमिनीत पुरली त्याच्याकडे जुनी आणि नव्या ठशाची अशी दोन्ही एकत्र होती. त्याला ती परत काढायला यायला जमलं नाही, एवढं मात्र दिसतंच.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? तर ऐका. आपल्या पांडवलेण्यांत 3 क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा मोठा शिलालेख आहे. नातू पुळुमावी राजा असताना, त्याच्या 19 व्या वर्षी, म्हातारीनं आपल्या गेलेल्या मुलाचे पराक्रम त्यात कोरून घेतले. क्षहरात वंश त्यानं निःशेष केला असं ती सांगते, पण हरलेल्या राजाचं नाव घेत नाही. ते नाव नाण्यांनी सांगितलं. आईचा शब्द दगडावर होता, पुरावा गोदाकाठच्या मातीत होता, आणि दोन्हींची भेट व्हायला जवळजवळ अठराशे वर्षं लागली. जोगलटेंभीच्या साठ्याआधी नहपानाची नाणी इतकी मोजकी सापडली होती की त्यांवरून असं काही ठामपणे म्हणताच आलं नसतं.

नहपानाची माणसं भेटतात ती त्याच डोंगरावर 10 क्रमांकाच्या लेण्यात. त्याची मुलगी दक्षमित्रा हिनं तिथे एक खोली दान दिली, तिचा लेख आहे. जावई उषवदात, संस्कृतात ऋषभदत्त. नाव वाचून आपल्याला आदिनाथ भगवंतच आठवणार, पण हा शक होता आणि दानं ब्राह्मणांना आणि बौद्ध भिक्षूंना दोघांनाही देत होता. त्याचा हिशेब बघाच. त्यानं 3,000 कार्षापणांची अक्षय ठेव गोवर्धनच्या, म्हणजे आपल्या नाशिकजवळच्या, विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. 2,000 महिना शेकडा एक दरानं आणि 1,000 महिना शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. वर्षावासात लेण्यात राहणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे. आता गुणाकार करा. 2,000 वर महिना एक टक्का म्हणजे 20, वर्षाचे 240. आणि 20 भिक्षूंचे प्रत्येकी 12 म्हणजे 240! दमडीचाही फरक नाही. आपल्या मंदिरांच्या ध्रौव्य फंडाचा हिशेब ठेवणाऱ्या ट्रस्टींना हे जरूर दाखवा.

गौतमीपुत्रानं पुढे नाण्यांसारखंच जमिनीचंही केलं. उषवदाताच्या ताब्यात असलेलं 200 निवर्तनांचं शेत त्यानं भिक्षूंना दिल्याचा, त्याच्या 18 व्या वर्षाचा लेख 3 क्रमांकाच्याच लेण्यात आहे.

आणि आता आपल्या घरची आठवण. आवश्यक सूत्राच्या टीकापरंपरेत एक कथा येते. भरुकच्छचा राजा नहवाहन खजिन्यानं श्रीमंत, प्रतिष्ठानचा शालवाहन सैन्यानं. शालवाहन वेढा घालायचा आणि नहवाहन शत्रूची माणसं मारून आणणाऱ्याला भरभरून बक्षीस द्यायचा. दरवर्षी वेढा, दरवर्षी माघार. शेवटी शालवाहनाचा मंत्री रागावून हाकलल्याचं सोंग करून भरुकच्छला गेला आणि तिथल्या राजाचा विश्वास मिळवला. पुण्यानंच राज्य टिकतं, असं सांगून त्यानं राजाला देवालयं, तळी, विहिरी यांवर खर्चायला लावलं. खजिना रिता झाला. पुढच्या वेढ्यात बक्षिसाला पैसा नव्हता आणि भरुकच्छ पडलं.

नहवाहन म्हणजे नहपान, हे नाव वाचताच लक्षात येतं आणि इतिहासकारांनीही ते जुळवलं आहे. कथेतला मंत्री खरा किती, हे सोडून द्या. पण पैठण विरुद्ध भरुच, आणि त्यात चांदीच्या बळावर टिकलेला राजा, एवढी आठवण आपल्या आचार्यांनी पाठांतरातून जपली आणि त्या चांदीचे हजारो तुकडे सिन्नर तालुक्यात निघाले, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्या पाठशाळांमध्ये ही कथा सांगितली जाते ती दानात विवेक असावा म्हणून. तिच्यासोबत या नाण्याचा फोटो दाखवला तर मुलं डोळे विस्फारून ऐकतील.

तर आता आपला डबा. इंग्लंडमध्ये लोक छंद म्हणून मेटल डिटेक्टर घेऊन शेतांतून फिरतात आणि 1997 पासून तिथे अशा सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारी सरकारी योजना आहे. आपल्याकडे नांगर, विहीर आणि घराच्या पायासाठी आलेला जेसीबी हेच डिटेक्टर. सापडलेली चकती चिंच, पितांबरी किंवा लिंबानं घासू नका. त्या काळपट थराखालीच उथळ ठसा असतो आणि घासताना वरचं अक्षर पहिलं जातं. पट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, सोनाराच्या काट्यावर वजन करा आणि कुठे, कशासोबत सापडली ते कागदावर लिहा. जोडीला निघालेलं खापर किंवा मडकंही फेकू नका. सुटं नाणं मुकं असतं, हे वर पाहिलंच.

बहुतेक वेळा तांब्याची चकती शिवराई किंवा ढब्बू पैसा निघते. राम-सीता असलेलं, 'ईस्ट इंडिया कंपनी 1818' लिहिलेलं नाणं असेल तर ते कंपनीनं पाडलेलं नाही. ती अलीकडची टोकनं आहेत. ती लाखोंना विकली जातात या आशेवर कुणाच्या हाती पैसे देऊ नका. घरी पूजेत असेल तर राहू द्या, श्रद्धेला किंमत नसते.

जमिनीतून निघालेल्या ठेव्याचा मात्र कायदा आहे, 1878 चा. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कळवलं नाही तर सापडणाऱ्याचा हक्क जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. कळवलं, ठेवा शंभर वर्षांहून जुना असला आणि मालक कुणी पुढे आला नाही, तर सापडणाऱ्याला वाटा मिळतो. सरकारनं ठेवा घेतला तर धातूच्या किमतीवर आणखी पाचवा हिस्सा धरून मोबदला देण्याची तरतूद आहे. मोडीत देऊन मिळतं त्यापेक्षा हे जास्तच झालं.

ज्यांना ही नाणी कशी वाचतात हे समजून घ्यायचं असेल त्यांनी त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला जावं. तिथे 1980 साली सुरू झालेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे आणि तिचं नाण्यांचं संग्रहालयही. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त तिचे पहिले संचालक. अंजनेरीचीच जुनी जिनालयंही बघा. चंद्रप्रभ भगवंतांच्या मंदिराला दुकानं दान दिल्याचा इ.स. 1142 चा लेख तिथला आहे. पांडवलेण्यांत गेलात तर 3 आणि 10 पाहून 11 क्रमांकाच्या लेण्यात जरूर डोकवा, तिथे तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. सकाळी लवकर जा, पायऱ्या बऱ्याच आहेत आणि वर पाणी मिळेलच असं नाही.