नादुरुस्त उपकरणे, पावसाळी आकाश आणि कृष्णाकाठ

विमानातील एखादे उपकरण बंद असताना ते विमान उड्डाणासाठी सोडावे की रोखून धरावे, हा प्रश्न विमानवाहतुकीइतकाच जुना आहे आणि त्याचे उत्तर यंत्राच्या स्थितीइतकेच खालच्या भूमीवर व ऋतूवर अवलंबून असते. हे समजून घ्यायला सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे फार उपयोगी पडतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर तेथून पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर, माण तालुक्यात, तो पाचशेच्या आसपास येऊन ठेपतो. घाटमाथ्यावर जुलैत ढग डोंगराला टेकलेले असतात, तर आटपाडी-जतच्या बाजूला खरा धोका एप्रिल-मे महिन्यांतील दुपारच्या वळिवाचा आणि त्याच्या गडगडाटी ढगांचा असतो.

या प्रदेशावरून नियमित टपाल विमान जाऊ लागले ते 1932 मध्ये. त्या वर्षी 15 ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत आणलेले टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. मुंबई ते बेल्लारी अशी सरळ रेषा ओढली, तर ती खटाव, विटा आणि कवठे महांकाळ या भागांवरूनच जाते. टपाल नेणारी ती विमाने एका इंजिनाची ‘पुस मॉथ’ होती. त्यांत रेडिओ नव्हता आणि वैमानिकाची सारी भिस्त होकायंत्र, नकाशा व स्वतःचे डोळे यांच्यावर होती. एखादे उपकरण बिघडले तर त्याची जागा घेणारे दुसरे उपकरण विमानात नसल्यामुळे त्या काळची सुरक्षितता विमान कोठून आणि केव्हा सोडायचे या निर्णयातच सामावलेली होती. जुहूचे विमानतळाचे मैदान पावसाळ्यात चिखलात बुडे, म्हणून टाटांची कंपनी दरवर्षी आपला मुक्काम पुण्याला येरवड्याजवळ हलवीत असे. ऋतूपुढे नमते घेण्याची ही शिस्त त्या काळाची मोठी कमाई मानली पाहिजे.

जेट विमानांच्या काळात चित्र पालटले. महत्त्वाची उपकरणे दोन-दोन, तीन-तीन बसवली जाऊ लागली आणि त्यांतील एक बंद असले तरी विमान सुरक्षित राहू शकते, या तत्त्वावर ‘मिनिमम इक्विपमेंट लिस्ट’, म्हणजेच एमईएल, तयार झाली. कोणते उपकरण, कोणत्या अटींवर आणि किती दिवस बंद चालेल, हे सांगणारी ही यादी. विमान बनवणाऱ्या देशाने मान्य केलेल्या मूळ यादीवरून प्रत्येक विमान कंपनी आपली अधिक कडक किंवा तितकीच कडक यादी करते आणि भारतात तिला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता लागते. दुरुस्तीची मुदत वर्गवार ठरलेली असते: ‘ब’ वर्गाला 3 दिवस, ‘क’ वर्गाला 10, ‘ड’ वर्गाला 120, तर ‘अ’ वर्गातील मुदत त्या त्या नोंदीतच दिलेली असते. अभियंता बिघाडाची नोंद विमानाच्या तांत्रिक वहीत करतो, बंद उपकरणाच्या कळीजवळ तशी चिठ्ठी लावतो आणि विमान स्वीकारायचे की नाही हे शेवटी कमांडर ठरवतो.

या यादीचा खरा कस हवामानाच्या अटींमध्ये लागतो. हवामान रडार बंद असेल, तर मार्गावर गडगडाटी ढगांचा अंदाज नसला तरच विमान सोडता येते. काचेवरचे वायपर बंद असतील, तर उड्डाणाच्या व उतरण्याच्या ठिकाणी पाऊस नसावा लागतो. म्हणजे फेब्रुवारीत सहज चालणारी नोंद मे महिन्यात जतवरच्या वळिवापुढे चालत नाही, आणि वायपरची नोंद जुलैत पावसात भिजणाऱ्या विमानतळावर निकालात निघते. शिवाय दोन नोंदी वेगवेगळ्या मान्य असल्या, तरी एकत्र आल्यावर त्या वैमानिकावर किती भार टाकतील हे यादी पूर्णपणे सांगू शकत नाही; तो विचार माणसालाच करावा लागतो.

पर्यायी उपकरण असणे आणि ते वेळेवर उपयोगी पडणे यांत किती अंतर असते, हे 1 जानेवारी 1978 च्या रात्री मुंबईत दिसले. ‘एम्परर अशोक’ हे एअर इंडियाचे बोइंग 747 सांताक्रूझहून निघाल्यावर काही क्षणांतच वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले आणि 213 जण मृत्युमुखी पडले. विमान किती कलले आहे हे दाखवणारे कमांडरसमोरचे उपकरण बिघडले होते. इतर दोन उपकरणे जागेवर होती, पण काळोख्या समुद्रावर क्षितिज दिसत नव्हते आणि तुलना वेळेत झाली नाही. पावसाळी ढगही बाहेरचे क्षितिज असेच पुसून टाकतो. 4 ऑगस्ट 1979 रोजी पुण्याहून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे एचएस-748 विमान खराब हवेत पनवेलजवळच्या डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व 45 जणांचा अंत झाला. पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक विमानाला हीच डोंगररांग ओलांडावी लागते.

कृष्णाकाठच्या धावपट्ट्यांकडे पाहताना हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. कराडची धावपट्टी 1955 मध्ये, कोयना प्रकल्पाच्या निमित्ताने, सार्वजनिक बांधकाम खात्याने उभारली; सांगलीजवळ कवलापूरचीही धावपट्टी आहे, मात्र नियमित प्रवासी सेवेसाठी सांगलीकरांना कोल्हापूरच गाठावे लागते. कराडला वैमानिकाने धावपट्टी डोळ्यांनी पाहूनच उतरायचे असते, कारण ढगातून वाट दाखवणारी यंत्रणा जमिनीवर नाही. अशा ठिकाणी विमानातील दिशादर्शक उपकरण ठणठणीत असले, तरी त्याला उत्तर देणारे जोडीदार उपकरण खाली नसल्याने ढग उतरल्यावर ते निरुपयोगी ठरते. एमईएलमध्ये मात्र या उणिवेसाठी रकाना नाही, कारण ती यादी विमानाची असते. कराडच्या विस्ताराची चर्चा निघाली की बहुधा धावपट्टीची लांबी आणि भूसंपादन यांविषयीच बोलले जाते. ढगांची उंची व दृश्यता मोजणारी साधने आणि पावसाळ्यातही विमानाला दिशा देणारी यंत्रणा यांचा विचार त्याच आराखड्यात, धावपट्टीच्या बरोबरीने, व्हायला हवा.