बर्फगाडीची गोष्ट

मुंबईच्या लोकलने रोज ये-जा करणाऱ्यांना 'बम्बार्डियर' हे नाव परकं वाटणार नाही. २०१५ साली पश्चिम रेल्वेवर पांढऱ्या-जांभळ्या रंगाच्या नव्या गाड्या धावू लागल्या. त्यांची विद्युत यंत्रणा या कंपनीची होती, म्हणून लोक त्या गाड्यांनाच बम्बार्डियर म्हणू लागले. पुढे २०२१ साली कंपनीचा रेल्वेचा व्यवसाय दुसऱ्या कंपनीने विकत घेतला. पण हे नाव मुळात एका माणसाचं आहे, आणि त्याची पहिली गाडी रुळांवर चालत नव्हती, बर्फावर चालत होती.

काही वर्षांपूर्वी मी लेकीकडे कॅनडात राहायला गेलो होतो. विनिपेग हे तिचं गाव. हिवाळ्यात तिथे पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. मोटारीच्या तोंडातून विजेची वायर लोंबत असते. रात्री ती भिंतीतल्या प्लगला जोडून इंजिन ऊबदार ठेवावं लागतं, नाहीतर सकाळी गाडी हूं की चूं करत नाही. माझ्यासारख्या कोकणातल्या माणसाला हे सारं अजबच. दिवसभर खिडकीशी बसून मी कंटाळलेला पाहून लेक म्हणाली, "अब्बा, चला, तुम्हाला एक गंमत दाखवते."

विनिपेग सरोवराच्या काठी, गिमली या गावाच्या बाजूला, जावयाच्या ओळखीचे एक म्हातारे कोळी राहत. गिमली हे १८७५ साली आइसलँडहून आलेल्या लोकांनी वसवलेलं गाव. म्हाताऱ्यांच्या मागच्या शेडमध्ये एक विचित्र गाडी उभी होती. पुढे चाकांच्या जागी दोन रुंद स्की, मागे रणगाड्यासारखे पट्टे, आणि वर कासवाच्या पाठीसारखं गोल प्लायवूडचं घर. खिडक्या आगबोटीच्या खिडक्यांसारख्या वाटोळ्या. ही बम्बार्डियरची 'बी-१२', म्हणजे बारा माणसांची बर्फगाडी. त्यांच्या वडिलांनी ती मासे वाहायला घेतली होती. वीस वर्षं बंद पडलेली गाडी या हिवाळ्यात सरोवरावर न्यायचीच, असा म्हाताऱ्यांचा पण होता. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक शनिवारी मी तिथे जात राहिलो. मी कलाशाखेचा पदवीधर. पाना आणि पक्कड यांतला फरक सांगता येतो, यापलीकडे माझी मजल नाही. त्यामुळे माझ्याकडे बॅटरी धरण्याचं काम आलं.

बॅटरी धरता धरता मी त्या गाडीचा इतिहास ऐकला, मग पुस्तकांतून वाचला. तोच आज सांगतो.

बर्फावर गाडी का चालत नाही? चाकाचा जमिनीला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा. गाडीचा सारा भार तेवढ्यावर येतो आणि चाक रुतून बसतं. भार लांबरुंद पट्ट्यावर पसरला तर गाडी बर्फावर तरंगल्यासारखी जाते. ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीच अनेकांना सुचली होती. कॅप्टन स्कॉटने अंटार्क्टिकावर तीन पट्टेवाल्या मोटारस्लेज नेल्या होत्या. त्यांतली एक जानेवारी १९११ मध्ये जहाजावरून उतरवतानाच बर्फ फुटून समुद्रात गेली. उरलेल्या दोन त्याच वर्षी दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर काही दिवसांतच इंजिनं बिघडून बंद पडल्या. रशियात झारच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या अडॉल्फ केग्रेस या फ्रेंच माणसाने झारच्या मोटारींना रबरी पट्टे बसवले. पुढे सीट्रोएन कंपनीने त्याच्या पट्ट्यांच्या गाड्या १९२२-२३ मध्ये सहारा ओलांडून नेल्या आणि १९३१ मध्ये श्रीनगरहून गिलगिटच्या डोंगरांत चढवल्या. पण हे सगळे राजेरजवाडे आणि मोहिमा. गावातल्या डॉक्टरला, शाळेतल्या पोराला, कोळ्याला हवी होती ती त्यांच्या रोजच्या कामाची गाडी.

ती केली जोसेफ आर्मां बम्बार्डियर याने. १९०७ साली कॅनडाच्या क्युबेक प्रांतात वालकूर या खेड्याजवळ त्याचा जन्म झाला. घरच्यांना तो पाद्री व्हावा असं वाटत होतं. याचं लक्ष मात्र यंत्रांत. पंधराव्या वर्षी वडिलांनी दिलेलं फोर्ड गाडीचं जुनं इंजिन त्याने स्लेजवर बसवलं, मागे लाकडी पंखा लावला आणि भावाला घेऊन तो बर्फावरून सुसाट निघाला. मागे उघडा फिरणारा पंखा पाहून वडिलांनी ते यंत्र तिथल्या तिथे मोडायला लावलं. बापाचं चुकलं नव्हतं, पण पोराचं वेडही गेलं नाही.

१९२६ साली त्याने गावात गॅरेज काढलं. हिवाळ्यात रस्ते बर्फाने बुजत, लोक मोटारी ठोकळ्यांवर चढवून ठेवत, आणि गॅरेजला काम नसे. त्या रिकाम्या महिन्यांत तो बर्फगाडीचे प्रयोग करी. असाच १९३४ सालचा जानेवारी उजाडला. त्याचा दोन वर्षांचा मुलगा इवों याचं ॲपेंडिक्स फुटलं, पोटात विष पसरलं. इस्पितळ शेरब्रूकला, सुमारे पन्नास किलोमीटरवर. रस्ता बर्फाखाली. प्रयोगाची गाडी गॅरेजमध्ये होती, पण चालत्या स्थितीत नव्हती. मूल गेलं.

श्रोतेहो, हे ऐकलं तेव्हा माझ्या हातातली बॅटरी थोडी हलली असावी, कारण म्हाताऱ्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आमचं गाव खाडीकाठचं. मी लहान असताना पावसाळ्यात तर बंद झाली की पलीकडचा दवाखाना आम्हाला विलायतेइतका लांब होई. शेजारच्या घरातलं एक तान्हं बाळ अशाच एका रात्री गेलं. त्याची आई पहाटेपर्यंत धक्क्यावर बसून होती. माझी अम्मी तिच्या शेजारी बसली होती, आणि दोघींपैकी कोणीच काही बोलत नव्हतं. खाडीच्या पाण्याला आणि क्युबेकच्या बर्फाला नाव वेगळं, एवढंच.

मूल गेल्यावर तो बाप पुन्हा गॅरेजमध्ये उतरला. आतापर्यंत अडचण होती ती पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकाची. लोखंडी दात्यांत बर्फ ठासून बसे आणि पट्टा उतरे. १९३५ साली त्याने ते दातेरी चाक रबराने मढवलं, आणि पट्टाही रबराचा केला, त्यावर पोलादाच्या आडव्या पट्ट्या. रबर लवचीक असल्याने बर्फ झटकलं जाई. बघायला गेलं तर केवढी साधी गोष्ट! १९३७ साली त्याला याचं पेटंट मिळालं. आधी सात माणसांची बी-७ निघाली, मग १९४० नंतर बारा माणसांची बी-१२. डॉक्टर, टपालवाले, पाद्री, हॉटेलवाले, लाकूडतोडे अशा लोकांनी ती घेतली. शाळेच्या मुलांसाठी मोठी गाडीही निघाली. १९४२ साली रीतसर कंपनी झाली.

आणि मग इतिहासाने एक वळण घेतलं. १९४८ साली क्युबेक सरकारने ठरवलं की ग्रामीण भागातले रस्तेही हिवाळ्यात बर्फ काढून मोकळे ठेवायचे. साध्या मोटारी बारा महिने धावू लागल्या आणि बर्फगाड्यांची विक्री धाडकन खाली आली. मला हा या कथेतला सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो. एका बापाने आपल्या दुःखातून यंत्र घडवलं. पण गावोगावच्या मुलांना इस्पितळापर्यंत न्यायचं तर त्याचं खरं उत्तर उघडा रस्ता हेच होतं, आणि ते काम एकट्या माणसाचं नव्हतं, सरकारचं होतं. ते झालं तेव्हा त्याच बापाचा धंदा बुडायला आला. त्याने जंगलात, दलदलीत चालणारे पट्ट्यांचे ट्रॅक्टर काढले आणि १९५९ साली 'स्की-डू' ही एकदोघांची छोटी बर्फगाडी आणली. तिने कंपनीला जगभर नेलं. १९६४ साली, वयाच्या ५६ व्या वर्षी, तो कर्करोगाने वारला. रेल्वे आणि विमानं हा सारा पसारा त्याच्यामागे उभा राहिला.

बी-१२ मात्र सरोवरांवर टिकून राहिली, कारण तिथे रस्ताच नाही. मॅनिटोबातले कोळी गोठलेल्या सरोवरावर मैलोन्‌मैल आत जातात, बर्फाला भोक पाडून त्याखाली जाळी सोडतात. पूर्वी हे मासे घोड्यांच्या स्लेजवरून काठाला येत, पुढे बम्बार्डियरमधून येऊ लागले. आमच्या म्हाताऱ्यांच्या गाडीच्या छताला एक झडप होती. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाले, "बर्फ फुटला तर दारं उघडत नाहीत."

दुरुस्ती चार महिने चालली. इंजिन मागच्या बाजूला, सहा सिलिंडरचं क्रायस्लर, गंजून आवळलेलं. प्लग काढून आत तेल सोडलं, आठवडाभर मुरू दिलं, मग हाताने थोडं पुढे, थोडं मागे, असं करत ते सोडवलं. कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता. तळाचं प्लायवूड कुजलं होतं. नवीन फळ्या वाफेवर धरून वाकवल्या. सगळ्यांत अवघड काम पट्ट्यांचं. मूळचं रबर चिरा पडून गेलं होतं. खाणीतल्या कन्व्हेयरचा पट्टा आणून त्यांनी तो मापाने कापला आणि जुन्या पोलादी पट्ट्या एकेक करून त्यावर नटबोल्टने आवळल्या. ताण जास्त झाला तर बेअरिंग जातं, कमी झाला तर पट्टा उतरतो. तो ताण ते हाताने दाबून ओळखत. माझी आई भाकरीचं पीठ असंच दाबून बघे.

मध्येच एक संग्राहक येऊन गेला. त्याचं म्हणणं, कन्व्हेयरचं रबर लावाल तर गाडीचं मोल जाईल, मूळ पट्टे तसेच ठेवा आणि मला विका. रक्कम चांगली होती. लेकीने तिचा रुपयांत हिशेब सांगितला तेव्हा मी गप्पच झालो. म्हातारे म्हणाले, "मूळ पट्ट्यांवर ही उभी राहील, चालणार नाही. चालण्यासाठीच तर केली होती ना?" संग्राहकाचंही अगदी चूक म्हणता येणार नाही. कोणीतरी वस्तू होती तशी जपायला हवी, नाहीतर पुढच्यांना ती कशी होती हे कळायचं कसं? वालकूरला त्यासाठी बम्बार्डियरच्या नावाचं संग्रहालय आहे. पण एक जपणारा आणि एक चालवणारा, इतिहासाला दोघेही लागतात, असं मला त्या दिवशी वाटलं.

फेब्रुवारीत गाडी निघाली. म्हाताऱ्यांनी आधी स्वतः चालत जाऊन बर्फाला भोकं पाडली, जाडी मोजली, मग आम्हाला बसवलं. माझा दोन वर्षांचा नातू लेकीच्या मांडीवर होता. इंजिन खाकरलं, धूर ओकलं आणि लागलं. आत पेट्रोलचा आणि जुन्या मासळीचा वास. गोल खिडकीतून पांढऱ्या रंगाशिवाय काही दिसत नव्हतं. वाट अशी नव्हतीच. आम्ही जात होतो ती वाट.

आमच्या खाडीवर पूल होऊन आता कित्येक वर्षं झाली. तर बंद पडली, होडी धक्क्यावर कुजून गेली, तिची दुरुस्ती कोणी केली नाही. पुलाबद्दल मी कोणाचाही ऋणीच आहे. पण तो म्हातारा तरवाला, ज्याने भर उधाणात कितीतरी आजारी माणसं पलीकडे पोचवली, त्याचं नाव गावातल्या किती पोरांना ठाऊक असेल? परत आल्यावर मी पहिल्यांदा धक्क्यावर गेलो. होडीचा एक खिळासुद्धा तिथे उरला नव्हता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)